धर्म: कोणताही नाही

पप्पा, तुमच्या नातीनं गेल्या आठवड्यात सरकारी सर्वेक्षणाला आलेल्या बाईंना सांगितलं की तिचा धर्म कोणताही नाही. तेव्हापासून जो तो मला कारणं सांगतोय आणि मी ऐकून ऐकून वैतागले आहे.

बाई सरकारी शाळेत शिकवणाऱ्या. आमच्या एचएसआर लेआउटच्या इमारतीची लिफ्ट बंद, म्हणून उन्हातून येऊन चार मजले चढल्या. मी ताक दिलं. त्या कन्नडमध्ये विचारत होत्या आणि मोबाइलवर भरत होत्या. धर्म विचारल्यावर मी सवयीनं तिघांचाही ख्रिश्चन सांगितला. तेवढ्यात ही आतून आली आणि म्हणाली, माझं तसं लिहू नका. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाल्या, अक्का, तुम्ही आधी घरात ठरवा, मला अजून दोन मजले आहेत. ठरवण्यासारखं काही नव्हतं. मुलगी चोवीस वर्षांची आहे. बाईंनी ती म्हणाली तसं भरलं.

रविवारी मी हे पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, कारण एकच, मोबाइल. मग म्हणाले, हे सगळीकडेच चाललंय, परदेशात तर चर्चं विकून हॉटेलं झालीत. आमचे हे म्हणतात, लहान वयात मोठा पगार. बेळगावहून नणंदेचा फोन आला, तिच्या मते बेंगळुरूची हवा. सगळ्यांकडे कारण तयार, पण तिला विचारायला कुणी तयार नाही.

तुमच्या वेळी मल्लेश्वरमच्या त्या कन्नड चर्चमागच्या हॉलमध्ये दर तिसऱ्या रविवारी मराठी उपासना व्हायची. तुम्ही आठवडाभर होसकोट्याच्या कारखान्यात लेथवर उभे, आणि रविवारी दोन बस बदलून अडीचलाच हॉलवर हजर. खुर्च्या मांडताय, पेटी पुसताय, बेळगाव-निपाणीकडून नोकरीला आलेल्या पोरांना दारातच विचारताय, जेवलास काय? चाळीस खुर्च्या पुरत नसत. आता आम्ही अकराजण येतो आणि तरी कमिटीत सात माणसं आहेत.

एक दिवस मला अजून आठवतो. मी नोकरीचा पहिला अर्ज भरला होता आणि धर्माचा रकाना कोरा ठेवला होता. तुम्ही स्वयंपाकघरात मटणासाठी कांदा चिरत होता. हात पुसून तुम्ही अर्ज वाचलात आणि विचारलंत, "भ्यालीस म्हणून सोडलास काय? पटत नसेल तर पटत नाही म्हणून लिही. भिऊन कोरं सोडू नकोस." मी खरंच भ्याले होते. मी निमूट रकाना भरला. आता ही जे करते आहे ते तुमच्याच सांगण्यात बसतं, आणि माझी चिडचिड निम्मी त्याचीच आहे.

खरं कारण पाळकांना माहीत आहे, पप्पा. ते मंडळीच्या त्या सभेला होते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही त्याच हॉलमध्ये संडे स्कूल घ्यायची. तिच्या जोडीला एक शिक्षिका होती. नवरा मारायचा म्हणून ती वेगळी राहायला लागली, तर कमिटीनं ठरवलं की घर मोडलेल्या बाईनं मुलांना शिकवू नये. ही सभेत उठली आणि म्हणाली, "मग तिला मारणारे कमिटीत कसे बसलेत?" तिचा नवरा समोरच बसला होता. अध्यक्ष म्हणाले, बाळ, बस, हा मुलांचा विषय नाही. बाळ तेव्हा बावीस वर्षांचं होतं. ती तशीच उभी राहिली, कुणी साथ देतंय का बघत, आणि मग बसली. पुढच्या रविवारी तिनं मुलांचा धडा पूर्ण घेतला, कपाटाची किल्ली पाळकांच्या हातात दिली आणि परत गेली नाही. आणि तेच पाळक मला मोबाइल सांगतात.

सर्वेक्षणवाल्या बाई गेल्यावर मी तिच्यावर ओरडले. तू प्रार्थना तरी करतेस का, असं विचारलं. ती ताकाचा ग्लास विसळत होती. म्हणाली, करते कधी कधी, ते त्यांच्या मोबाइलात कशाला? मग मी तुमचं नाव काढलं. आजोबांना काय वाटलं असतं, असं म्हणाले. तिनं नळ बंद केला.

"आजोबा असते ना मम्मी, तर त्या दिवशी कुणीतरी उठलं असतं."

एवढंच बोलली. माझं नाव घेतलं नाही. तुमच्या कबरीवर फुलं घेऊन जाते तेव्हा हा कागद नेणार नाही, तिथं मंडळीतलं कुणी ना कुणी भेटतंच. पण तुम्हाला सांगते, त्या सभेत मी दुसऱ्या रांगेत होते. ती उभी राहून आमच्याकडे बघायला लागली तेव्हा मी पर्स उघडून चष्मा शोधत राहिले. चष्मा डोळ्यांवरच होता.