तीनदा धुतलेला पंप

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, कामधंदा रोपवाटिका आणि घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी सकाळी येऊन मला वार-तारीख विचारली, सातचा पाढा म्हणायला लावला आणि डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. दडपण कोणाचंही नाही. मुलगा मात्र दोनदा दाराशी येऊन गेला. "आई, एवढं काय लिहितेस? सांग, मी लिहितो." त्याला सांगता येत नाही म्हणूनच लिहिते आहे.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलाला.

कलम २. सोन्याच्या चार बांगड्या नातीला. ती तेरा वर्षांची आहे आणि आजोळी वाढली. का, ते कलम ४ मध्ये येईल.

कलम ३. नणंदेला माझी शिलाई मशीन देऊ नये, असं ठरवलं होतं. माझ्या सुनेला तिने भर अंगणात "हलगर्जी" म्हटलं होतं. पण ती तरी काय करणार? मीच मिठाची गुळणी धरून बसले होते. मशीन तिला द्यावी. पायडल करकरतं, तेल तिचं तिने घालावं.

कलम ४. रोपवाटिकेची जमीन माझ्या नावावर आहे, ती सुनेला द्यावी. मुलगा म्हणेल, जिने रोपं जाळली तिलाच जमीन? म्हणून कारण लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे फवारणीचा पंप एकच होता. बांधावर तणनाशक मारून झालं की तो धुण्याचं काम सुनेचं. त्या दिवशी तिने तो साबणाने तीनदा धुतला, नळीतून पाणी सोडलं, नोझल काढून घासलं. मी ओट्यावरून पाहत होते. दुपारी ती लेकीला घेऊन दवाखान्यात गेली आणि मला परसातलं गवत डोळ्यांत खुपायला लागलं. मी पंपात पुन्हा तणनाशक कालवलं, गवतावर मारलं. तेवढ्यात पाहुणे आले, म्हणून उरलेलं तसंच आत ठेवून पंप जागेवर नेऊन ठेवला. सकाळी आमच्या ह्यांनी वरून कीडनाशक आणि पाणी ओतून टोमॅटोचे सगळे वाफे फवारले. पाचव्या दिवशी शेंडे पिवळे पडले. पंधरवड्यात एक रोप उरलं नाही, आणि रोपं सांगून ठेवलेले शेतकरी दारात येऊन उभे राहिले.

सून रडत म्हणाली, "मी तीनदा धुतला होता. आई, तुम्ही बघितलंत ना?"

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मी कामात होते गं, लक्ष नव्हतं."

मुलगा तिच्यावर ओरडला, "निदान खोटं तरी बोलू नकोस!" दोन दिवसांनी ती दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन माहेरी गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी. परसातलं गवतही वाळलं होतं. ते मी कोणी उठायच्या आत उपटून टाकलं. हे गेले, तेही तिलाच दोष देत गेले.

कलम ५. तो पंप चिरून टाकावा. भंगारात देऊ नये, कोणीतरी पाण्याला वापरेल. यापुढे तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा आणि त्याला तांबडा रंग फासावा.

कलम ६. हे पत्र माझ्या मागे वकिलांनी मुलाला आणि सुनेला वाचून दाखवावं.

कलम ६ मी खोडलं आहे, बाजूला सही केली आहे. मेल्यावर कबूल करायला काय जातं? मुलाला मला बोलायचं असेल, तर बोलून घ्यायला मी समोर हवी. मला त्याची भीती वाटते, हेही लिहून ठेवते. काल सुनेला फोन केला. "कशाला बोलावता?" ती म्हणाली. मी म्हटलं, "पंपाचं आहे." ती म्हणाली, "येते."

हे पत्र आजच, मी स्वतः, दोघांसमोर वाचणार आहे. त्यानंतर त्यांनी मला घरात ठेवावं की नाही, हे त्यांनी ठरवावं. त्यासाठी कलम घातलेलं नाही.

लिहून देणार: सही
साक्षीदार १: डॉक्टर, सही (लिहून देणारीची शुद्ध पक्की होती.)
साक्षीदार २: शेजारचे निवृत्त मास्तर, सही
दोघांनी फक्त मी सही करताना पाहिलं. मजकूर त्यांनी वाचलेला नाही, तो आधी सुनेने ऐकायचा आहे.
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: तीन जून, दुपारचे बारा. फाटक वाजलं. मुलाला हाक मारते.