भिंतीवरचे हवालदार

फ्रीगंज, उज्जैन
२६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. अश्लेषा हिस,
अ. उ. आ.

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. मी फोन उचलला की हे शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लाव म्हणतात, म्हणून कागद घ्यावा लागला. तुझ्या चिरंजीवांनी परवा माझ्या मोबाइलवर जो फोटो धाडला, तो ह्यांच्या हाती पडता पडता राहिला. अपूर्वला ही नसती उठाठेव कोणी सांगितली होती?

इटलीतल्या कुठल्याशा गावाने लढाईच्या काळातले फोटो नि पोस्टकार्डं इंटरनेटवर मांडली, मांडू देत बापडे. कारंज्यापाशी आपले चार फौजी बसलेत, भोवती तिथल्या बायका धुणं धुताहेत. त्यावरून हा मला लिहितो की आजी, आपल्या भिंतीवरच्या फोटोतले मिशीवाले म्हणजे पणजोबा नव्हेतच, ते कोणी हवालदार खराडे. मागे नावं लिहिली आहेत म्हणे. खरे पणजोबा वामनराव पोतनीस ते कडेचे, बिनमिशीचे, मांडीवर गावातलं पोर घेतलेले.

अगं, ह्यांच्या जन्माआधी मामंजी फौजेत कारकून म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. ह्यांनी बाप पाहिला तो भिंतीवरच्या फोटोतच. आता ब्याऐंशीव्या वर्षी ह्यांना सांगायचं, की तुम्ही जन्मभर भलत्याच माणसाच्या पाया पडलात? मिशीसुद्धा त्या फोटोबरहुकूम राखली आहे. टावर चौकातला नाई दर वेळी म्हणतो, भय्यासाहेब, बिलकुल पिताजी पर गए हो, आणि हे त्याला दहा रुपये जास्त देऊन येतात.

तेव्हा पोराला समज दे. चतुर्दशीला श्राद्धाला यायचं तर खुशाल यावं, पण तो इटलीचा फोटो आणायचा नाही. आहे तो लोभ वाढवला नाहीस तरी चालेल, फक्त लेकाला आवर.

तुझी आई


पुणे
२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी अपूर्वला झापलं, मग त्याने मला जे दाखवलं ते पाहून माझे शब्द मागे घेतले. इटलीवाल्यांची चूक नाही. त्या फोटोखाली कराडकडच्या शर्वरी खराडेने लिहिलं होतं, की हे मिशीवाले आमचे आजोबा. तिच्याशी मी स्वतः बोलले. तिच्या घरी त्यांचे म्हातारपणापर्यंतचे फोटो आहेत. लढाईहून ते सुखरूप परत आले, गुऱ्हाळ चालवलं आणि नव्वदी गाठून गेले. म्हणजे आपण इतकी वर्षं जिवंत माणसाला हार घालून त्याचं श्राद्ध करत होतो.

मी कानकोंडी होऊन माफी मागितली, तर ती हसतच सुटली. म्हणाली, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात ना, आजोबांना दोनदा साप चावूनही काही झालं नाही, त्याचं कारण आज कळलं. तिच्या आजोबांची घरची पत्रं पोतनीसच लिहून द्यायचे, असंही ते सांगायचे.

भय्यासाहेबांना ह्या वयात धक्का बसेल हे मलाही कळतं. पण परीक्षेला जाताना आम्हाला त्या मिशीपुढे उभं करून, आजोबांना काय तोंड दाखवाल, म्हणायचे ते मी विसरलेली नाही. आणि ज्यांचं श्राद्ध करायचं, ते वामनराव ऐंशी वर्षं बिनचेहऱ्याचे राहिलेत, त्यांचं काय? आजीला आपला नवरा ओळखू येऊ नये, हेच मला समजत नाही.

उत्तर पाठव, रागावलीस तरी पाठव.

तुझी अश्लेषा


उज्जैन
९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अश्लेषा हिस,
अ. उ. आ.

सासूबाईंना ओळखू आलं होतं. तुझं पत्र वाचल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

घरात ऐकलंय ते असं, मामंजी गेल्याची तार आली, त्यानंतर महिन्याने त्यांनी आधी धाडलेला तो चौघांचा फोटो आला. सासूबाई दुखवट्यातल्या, कोपऱ्यात बसलेल्या. त्यांचे चुलत सासरे फोटो घेऊन देवास गेटच्या फोटोवाल्याकडे गेले. त्याने त्यातला सर्वांत रुबाबदार चेहरा मोठा करून, गाल रंगवून दिला. चुलत सासऱ्यांनी पुतण्याला पाहिलं होतं ते मुंजीत. भिंतीवर फोटो चढला, हार पडला, आणि विशीतल्या विधवेने वडीलधाऱ्यांना म्हणायचं तरी कसं, की हा माझा नवरा नव्हे? तोवर पाळण्यातलं पोर त्याला बाबा म्हणायला शिकलं.

सासूबाईंनी त्या फोटोला कधी गंध लावलं नाही. हात पोचत नाही, तू लाव, असं मला सांगायच्या. मी मनातल्या मनात चरफडायचे, की स्टुलावर चढून लोणच्याची बरणी काढता येते, इथेच कसा हात पोचत नाही. परपुरुषाच्या कपाळाला बोट लावायचं नव्हतं बाईला. जन्मभर एकटीने ते पोटात ठेवलं.

त्यांनी ठेवलं तर मीही ठेवीन. ह्यांना काही सांगायचं नाही, हा माझा शेवटचा शब्द. रागावले आहे, तरी आशीर्वाद आहेतच.

तुझी आई


उज्जैन
२१ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अश्लेषा हिस,
अ. उ. आ.

तुझ्या लेकाने फोटो आणलाच, वर चौकटीत बसवून आणला. मी तो कपाटात साड्यांखाली कोंबला आणि त्याला दम दिला. काल चतुर्दशी, शस्त्राने गेलेल्यांचा दिवस. गुरुजी येऊन बसले होते. हे म्हणाले, सुलू, बाबांना गंध लाव. मी वाटी घेऊन उभी राहिले आणि माझाच हात उचलेना. तिकडे कराडला ज्याची नातवंडं सुखात नांदताहेत, त्याला मी पुन्हा लढाईत मेलेला कसा ठरवू? एवढ्या शपथा घेतलेली मी, गुरुजींच्या देखत रडले आणि सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता झंझट होणार, जेवण राहणार. मग अपूर्वने फोटो आणून हातात दिला. ह्यांनी चष्मा पुसला, मांडीवरच्या त्या पोराकडे पाहिलं, मग मामंजींकडे पाहिलं. त्यांचं त्या वेळचं वय विचारलं. अपूर्वने तेवीस सांगितलं.

हे म्हणाले, "अरे, हा तर बच्चा आहे. आपल्या अपूर्वपेक्षा लहान. मी उगाच जन्मभर ह्याला भीत होतो."

हार काढला नाही, घातला नाही. गुरुजींना पुढचं चालवायला सांगितलं. पितरांचं पान वाढताना मी नेहमीप्रमाणे दोन वडे ठेवले, तर ह्यांनी मला थांबवलं. म्हणाले, सुलू, त्याला अजून वाढ, ह्या वयात पोरांना भूक फार लागते.

सगळ्यांना आशीर्वाद सांग.

तुझी आई