बाबांची दह्याची वेळ

सोमवार, ३ जून

वाटीभर दह्यावरून सकाळी सकाळी रणकंदन!

बाबांच्या पोटातली गाठ काढायचीय. पण डॉक्टर म्हणतात, "अंगात ताकदच नाही, भूल देऊ कशी? आधी वजन भरू दे. दही द्या, पचायला हलकं." म्हणून तर त्यांना माझ्याकडे आणलं. "फार थांबताही येणार नाही" हे डॉक्टरांनी दारापर्यंत येऊन हळूच सांगितलं. जेवण म्हणजे चार घास. सगळी भिस्त दह्यावर.

आणि दही द्यायचं कधी, हे विचारायलाच मी विसरले! आता घरात दोन वैद्य. मी म्हणते सकाळी, आई आम्हाला सकाळीच द्यायची. सासूबाई म्हणतात दुपारी, जेवणाबरोबर. "सकाळचं दही म्हणजे कफाला आवतण. माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत."

मी म्हटलं, "माझे बाबा आहेत, माझं मी बघते." नको होतं म्हणायला. गेलं तोंडातून.

बुधवार, ५ जून

अबोला. सासूबाईंना काही सांगायचं असलं की भांडी आपटतात. मीही कमी नाही, मी कपाटाची दारं आपटते.

चष्म्यांच्या दुकानात कामाला निघण्याआधी बाबांसमोर वाटी ठेवली, तर म्हणतात, "सकाळी पोट गार पडतं गं. दुपारी विहीणबाई देतात, तेच बरं पचतं." झालं! सख्खा बाप फितूर! तशीच तणतणत बाहेर पडले. दुकानात दोन काचांवर घासताना चरे पाडले. मालकांनी पुढच्या काचा स्वतःच घासायला घेतल्या. ते जास्त लागलं.

शनिवार, ८ जून

हरले, बाई. सकाळची वाटी बंद केली. सासूबाईंना मात्र मी काही विचारायला जाणार नाही. दह्याचं भांडं रोज रिकामं होतंय, म्हणजे खातायत. खाऊ देत, कोणाच्या का हातचं असेना!

सोमवार, १० जून

बाबांचे दंड पार काटकुळे झालेत. सदरा नुसता लोंबतो अंगावर.

"बाबा, पचत नाही का? दुखतं का?"

"छे गं!" आणि पेपरात तोंड घातलं. पेपर कालचा होता.

मंगळवार, ११ जून

अजूनही अबोला. कंटाळा आला या घराचा.

गुरुवार, १३ जून

दवाखान्यात वजनाचा काटा आणखी खाली! डॉक्टर माझ्यावरच उखडले. "रोज दही खाणारा माणूस असा वाळत नाही, बाई. पुढच्या आठवड्यात शेवटचं वजन करू. नाही भरलं तर ऑपरेशन विसरा."

परतताना मी डोळे पुसतेय, आणि शेजारी बाबा चक्क गुणगुणतायत! इतका राग आला. आजारी माणसावर रागावले म्हणून मग स्वतःचाही आला.

शुक्रवार, १४ जून

गेला खड्ड्यात तो मान! सरळ स्वयंपाकघरात गेले. "दुपारचं दही बाधतंय त्यांना. वेळ बदलून बघू या का?"

सासूबाई वळल्या. "मी कुठे देते दुपारी? ते तर रोज म्हणतात, विहीणबाई, लेकीने सकाळीच वाटीभर दिलंय, आता पुरे."

मग दही जातं कुठे?

"अगं, मी खातो की!" हे दारातून म्हणाले. "संध्याकाळी बाबाच आग्रह करतात. जावईबापू, संपवून टाका, उद्या आंबट होईल." तरीच ह्यांचा पट्टा एक भोक सैल झालाय!

एरवी हसून हसून लोळलो असतो. पण सासूबाई म्हणाल्या, "दोघींच्या हट्टापायी म्हातारा उपाशी राहिला गं."

मला दुसरीच भीती वाटतेय. बाबा विसरायला लागलेत का? खाल्लं, नाही खाल्लं, त्यांचं त्यांना कळत नाहीये का? आता ऑपरेशनचं बघू की डोक्याचं? उद्या सुट्टी आहे. शांतपणे बसून विचारायचं. ओरडायचं नाही.

शनिवार, १५ जून

सगळं आठवतं त्यांना. लख्ख आठवतं.

वाटी पुढे केली. "बाबा, सकाळी नको, दुपारी नको. मग तुम्हाला पचतं तरी कधी?"

"कधीही पचेल." वाटीवरून नजर हलेना त्यांची. "पण वजन भरलं की कापायला नेतील ना गं मला?"

मग अगदी हळू म्हणाले, "भूक फार लागते."