अकरा चित्रं

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. पुढच्या शनिवारी चर्चच्या सभागृहात आईच्या चित्रांचं प्रदर्शन आहे, त्याला तू येणार आणि दरवर्षी वाढदिवसाला तुला आलेली अकरा चित्रं सोबत आणणार, हे वाचलं. ज्या मंडळीसमोर आईने तुला टाकलं, त्याच मंडळीला दाखवायचंय की तिने तुला मनातून माफ केलं होतं, असं तू लिहिलंयस. ते वाक्य मी चारदा वाचलं आणि तेवढ्यात भाजी करपली. तू निघायच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडलं पाहिजे, म्हणून ती तशीच ठेवून लिहायला बसले आहे.

आधी इकडच्या बातम्या. आई जाऊन तीन महिने झाले आणि तेवढ्यात ती संत झाली. पाळकसाहेब कुठल्याही विषयावर उपदेश देत असोत, शेवटी गाडी आईवर येतेच. चित्रकलेचे मास्तर रोज सकाळी येऊन तिची चित्रं लावतात, पुसतात, त्यांची यादी करतात. परवा म्हणाले, इतक्या बारकाईने पान बघणारी बाई किती मायाळू असेल! मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि आत निघून गेले. पान बघायला डोळे लागतात, माया कशाला लागते? पण हे त्यांना सांगून काय उपयोग, त्यांना आई परवडली कारण ती त्यांची आई नव्हती.

तुला आठवतं ना तिचं सगळं? पाचला गुडघ्यांवर, सहाला टेबलाशी. माणूस तिने जन्मात काढला नाही. माणूस पापात पडला, पानाने कुणाचं काय केलंय, असं म्हणायची. आपण दोघी तिच्या पोटच्या, पण आपलं साधं नाकसुद्धा तिच्या कागदावर उमटलं नाही. समोर असेल तेच आणि असेल तसंच काढायचं, हा तिचा नेम. पानाला किडीने पाडलेलं भोक गाळलं तर ती देवाविरुद्ध खोटी साक्ष. आणि तो खंड्या? काचेवर आपटून पडला होता, जिवंत होता. पंख हलवायचा, म्हणून तिला रेघ धरता येईना. तिने मला त्याची मान पिरगळायला लावली. मी तेरा वर्षांची होते आणि तू दाराआड तोंडात फ्रॉक कोंबून रडत होतीस. मग तिने हात जोडले आणि त्या निळ्या रंगाबद्दल देवाचे मनापासून आभार मानले. निमंत्रणपत्रिकेवर तेच चित्र छापलंय. फार सुंदर आहे गं, ते मला आजही नाकारता येत नाही.

त्याच वर्षी मी तिला विचारून एक फांदी रंगवली होती. चार दिवस खपले होते. तिने चित्र उजेडात धरलं, पानं मोजली, मग टेबलावरच्या खऱ्या फांदीच्या पानांवरची भोकं मोजली, माझ्या चित्रात एकही नव्हतं, आणि म्हणाली, तुझा हात खोटं बोलतो. चित्र चुलीत गेलं. त्या दिवसापासून माझ्याकडे ब्रश धुणं, कागद ताणून चिकटवणं आणि तिची पत्रं लिहिणं आलं, ते थेट ती जाईपर्यंत. एवढ्या वर्षांत मी काही काढते का, काढावंसं वाटतं का, असं तिने एकदाही विचारलं नाही. तू मात्र सुटलीस. तिच्या चित्रांना चौकटी करून देणाऱ्या माणसाचा हात धरून गेलीस, आणि तोही असा पठ्ठ्या, की देव मानत नाही हे तिच्या तोंडावर सांगून गेला. मला तेव्हा तुझा इतका राग आला होता की आठवडाभर मला जेवण गेलं नाही. तो राग तू गेल्याचा नव्हता, मला मागे टाकून गेल्याचा होता.

तू गेल्यावर त्या रविवारी तिने मंडळीसमोर उभं राहून सांगितलं की मला एकच मुलगी आहे. ते तुला कळलंच. घरी आल्यावर काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. बायबलच्या पहिल्या पानावर आपल्या दोघींची नावं होती ना, तिथे तिने तुझ्या नावावर पांढरा जाड रंग चढवला आणि त्यावर एक पान काढलं. शिरा, देठ, किडीचं भोक, सगळं तब्येतीत. रंग वाळेपर्यंत पुस्तक उघडं धरून मी उभी होते. तुझी पत्रं यायची, ती आई फोडायचीसुद्धा नाही, पाकिटांवर ब्रश पुसायची. मी ती टोपलीतून काढून वाचायचे. हॉस्पिटलमधून, बाळ गेल्यावर तू लिहिलेलं पत्रही मी तसंच वाचलं, वरचा हिरवा रंग अजून ओला होता.

आता तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. शेवटी तिने तुझं नाव घेतलं का? नाही घेतलं. शेवटच्या दिवशी शुद्धीवर होती, बोलत होती. मी म्हटलं, आई, बारकीला बोलावून घेऊ का? तर म्हणाली, कोण, त्या चौकटवाल्याची बायको? आणि मला पडदा सरकवायला सांगितलं, खिडकीतल्या रोपावर ऊन नीट पडत नव्हतं. थोडं गोड करून सांगता आलं असतं, पण मी आता थकले.

बारके, ती अकरा चित्रं माझी आहेत. पहिलं मी काढलं ते तुझ्या बाळाचं पत्र वाचून, तुझ्या वाढदिवसाच्या तोंडावर, मागच्या खोलीत, आई प्रार्थनेला गेली असताना. ती प्रत्येक चित्रामागे घालायची तसा स्तोत्राचा आकडा मागे तिच्या अक्षरात घातला, ते अक्षर माझ्या बोटांत मुरलेलंच आहे. मग तुझं उत्तर आलं. आईचा हात इतका मऊ कधी नव्हता, असं तू लिहिलं होतंस. माझ्या हाताला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी बरं म्हटलं होतं. पहिलं चित्र तुझ्या दुःखापोटी काढलं, पुढची दहा त्या कौतुकाच्या हावेपोटी. अकरा चित्रांत एकाही पानाला भोक नाही. त्याच घरात वाढून तुला ते दिसलं नाही, कारण तुला बघायचंच नव्हतं. मास्तरांना एका नजरेत दिसेल, पण त्यांच्या भीतीने मी हे लिहीत नाही. तू ती सभागृहात आईची म्हणून लावशील, लोक हात जोडतील, आणि मी मागे उभी राहून चहाचे कप गोळा करीन, हे मला सोसवणार नाही. हे वाचून तुझ्याकडे आईचं काहीच उरणार नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तरी मी पाकीट बंद करणार आहे. शनिवारी ये. चित्रं जुन्या चादरीत गुंडाळून आण, काचा जप. दाराजवळची भिंत मी मागून घेतली आहे, आणि चित्रांखाली लावायच्या अकरा चिठ्ठ्यांवर माझं नाव कालच लिहून ठेवलंय.

काही झालं तरी तुझीच,
ताई