ईदला घर उचललं

६ ऑगस्ट २०११, शनिवार

सार्वोनोने जागा विकायला काढली! माझ्या घराखालची जागा!

दुपारी कोबीच्या वाफ्यात होते तेव्हा त्याचा फोन. "ताई, रोजा कसा चाललाय? गुडघा कसा आहे?" गुडघ्याची चौकशी म्हटल्यावरच ओळखलं, याला काहीतरी हवंय. मग हळूच — "जागेला गिऱ्हाईक आलंय. सेमारांग शहरातले आहेत, पाक हेंद्रो म्हणून एक गृहस्थ. माणूस चांगला वाटतो. तू म्हणशील तसं."

मी म्हणेन तसं! बाबांनी जागा त्याच्या नावावर केली, घर माझ्या. जमीन मुलाला, लाकूड मुलीला. यात मी काय म्हणणार? "तुझी जागा, तुझी मर्जी," म्हटलं. आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं की असं म्हटलं म्हणजे नको. पण वीस वर्षं बेकासीत राहून याचे कान शहरी झालेत. "मग सुटलो बघ," म्हणाला! पुढे "आणि घराचं असं आहे ताई—" असं काहीतरी सुरू केलं. ऐकलंच नाही. फोन बंद केला आणि तीन कोबी विनाकारण उपटले.

तिकडे भाड्याच्या एका खोलीत बायको आणि दोन मुली घेऊन राहतो. त्याला स्वतःचं छप्पर हवंय. हवं असणारच! पण त्यासाठी माझ्या छपराखालची माती?

७ ऑगस्ट

रोज्यात शिव्या देऊ नयेत म्हणतात. मनातल्या मनात दिलेल्या चालतात का, विचारायला हवं.

१० ऑगस्ट, बुधवार

म्बाह तिर्तोंकडे, अख्ख्या वाडीच्या आजोबांकडे, गेले. लग्न असो, पेरणी असो, वाडीत कुठलंही काम त्यांनी दिवस काढून दिल्याशिवाय होत नाही. वय ऐंशीच्या पुढे, दात दोन, पण ऐकून घेतात नीट.

"रडतेस कशाला? घर तुझं आहे ना? मग उचल आणि ने."

तेच माझ्याही मनात होतं. वर झऱ्याजवळ आमच्या ह्यांनी जाताना माझ्यामागे ठेवलेलं शेत आहे. लहान आहे, उताराचं आहे, पण माझं आहे. सुतार घर सुटं करून न्या म्हणतो. नको! खुंट्या आजोबांच्या हातच्या. एकदा ठोकून काढल्या की सरपण. कौलं उतरवायची, खांबांना बांबू बांधायचे आणि उभंच्या उभं घर खांद्यावर घ्यायचं. आमच्याकडे घरं अशीच जातात.

पण खांदे कुठे आहेत? वाडीत राहिलेत म्हातारे, बायका आणि पाळण्यातली. बाकी जकार्ता, बेकासी, कालीमंतानच्या मळ्यांत. जे चार धडधाकट आहेत ते तंबाखू तोडताहेत. माझी शेजारीण बू तुमिनी, तिचे तीन मुलगे तीन शहरांत, आणि तिचा गॅसचा सिलेंडर चढवायला मी जाते!

म्हणजे ईद. ईदला सगळे येतात. म्हणजे तोवर थांबा.

१४ ऑगस्ट

सार्वोनोचे पाच फोन आले. सहावा उचलला. त्याला बोलूच दिलं नाही. "मी ईदला घर उचलून वरच्या शेतात नेतेय. खांदा लावणार असशील तर ये, नाहीतर तोंड दाखवू नकोस."

 मग "बरं, ताई."

बरं, ताई! लहानपणीसुद्धा असंच. भांडायलाही येत नाही याला. आई गेल्यावर माझ्या कडेवर वाढला. एकदा तरी उलटून बोलला असता तर मलाही मोकळं वाटलं असतं.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

दिवस काढायला म्बाह तिर्तोंच्या ओट्यावर सगळे जमले. ईदच्या दुसऱ्या दिवशी? नाही, सगळे सासुरवाडीला जातात. शुक्रवार? आमच्या जुन्या पाच वारांच्या आठवड्यातला पोन नेमका त्याच दिवशी, आणि शुक्रवार-पोन हा बाबांचा मृत्युवार, त्या दिवशी घर हलवून कसं चालेल! रविवार? निम्मे लोक परतीच्या बसमध्ये. मग शनिवार. शनिवारी बाजार! "बाजाराच्या दिवशी माझा माल कोण नेणार?" म्हणे तुमिनी. मी म्हटलं, बाई, तुझा माल म्हणजे दोन टोपल्या मिरच्या, मी विकत घेते सगळ्या.

३ सप्टेंबर, शनिवार ठरला. "येऊ, येऊ, नक्की येऊ," सगळे म्हणाले. यातले खरोखर किती येणार ते त्या दिवशी कळेल. तोंडावर नको म्हणायला आमच्याकडे कुणाच्या आईने शिकवलेलंच नाही.

२६ ऑगस्ट

मंडळी यायला लागली. मोटारसायकलवर नवरा, बायको, मध्ये पोर, मागे खोका, खोक्यावर बांधलेला पंखा. पंखा! इथे डोंगरावरच्या थंडीत! तुमिनीचा मधला दीड दिवस हँडलवर होता. आल्याआल्या चटईवर पालथा पडला तो अजून उठलेला नाही. माझे खांदे असे एकेक येताहेत आणि आडवे होताहेत.

सार्वोनोचा पत्ता नाही. कारखान्यातून रजा नाही म्हणे, तिकीट नाही म्हणे.

३० ऑगस्ट, मंगळवार

कहर झाला! ईद आज म्हणून काल कोंबडी नारळाच्या दुधात शिजवली, केळीच्या... नाही, नारळाच्या पानांच्या पुड्यांत भात केला, सगळी तयारी. काल संध्याकाळी टीव्हीवर सांगतात, चंद्र दिसला नाही, ईद बुधवारी! पलीकडच्या वाडीतले ऐकेनात, त्यांनी आजच केली. त्यांचा ढोल ऐकत आम्ही उपाशी. कोंबडी चार वेळा गरम केली. आता तिची चव माझ्या स्वभावासारखी झाली आहे.

३१ ऑगस्ट

ईद. लहानांनी मोठ्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून माफी मागायची. तुमिनीची नातवंडंसुद्धा येऊन गेली. मी खुर्चीत बसून राहिले. ज्याने मागायची तो नाही. यंदा माफ करायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं, पण निदान यायला तरी हवं ना माणसाने? न आलेल्याला माफ न करण्यात काय मजा?

२ सप्टेंबर

कौलं उतरवली. बायकांनी पाठीवरून वर नेली. छप्पर उघडं. झोपले तर थेट आभाळ. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, माझे वासे तर नुसते बघत होते.

३ सप्टेंबर, शनिवार

लिहायला हात वर होत नाही, पण लिहिते.

सकाळी पन्नासावर माणसं! नक्की येऊ म्हणणारे नक्की आले. मी मनात जे जे बोलले ते परत घेते — तुमिनीच्या मधल्याचं सोडून. तो खांदा लावायचा सोडून मोबाइलवर चित्रीकरण करत होता.

मी पाण्याचा माठ घेऊन घरातच उभी राहिले. "बू मुरसिनाह, बाहेर या, वजन होतंय!" बाहेरून मला हाका. मी म्हटलं, वजन कसलं, मी जमिनीवर उभी आहे, घर वर जाणार आहे. माझं घर आहे, मी आतूनच जाणार. म्बाह तिर्तो समोर दगडावर चढले, हात वर केला, ओरडले. आणि घर उठलं.

भिंतींच्या खालून पायच पाय दिसायला लागले. माझी जमीन होती तिथेच राहिली आणि भिंती चालू लागल्या. मीही चालू लागले. आयुष्यभर झाडलेल्या घरात मी चालतेय आणि खालून गवत जातंय, दगड जाताहेत, कुणाचीशी कोंबडी आत शिरली आणि पलीकडून निघून गेली. हसू येत होतं आणि रडूही. मधल्या खांबांना आत सहा जण होते. अचानक कुणीतरी खालून वाकून आत घुसलं, मधल्या बांबूला खांदा लावला.

"ताई, जरा सरक."

सार्वोनो! अंगाला कोबीचा वास. भाजीच्या रिकाम्या ट्रकमधून आला होता, दोन रात्री. एकटाच. बायको-मुलींना आणायला जमलं नाही म्हणाला. मी म्हटलं, "उशीर केलास." तो म्हणाला, "हो." झालं संभाषण.

पुढे वळणावर घर अडलं. एका बाजूला मशिदीची भिंत, दुसऱ्या बाजूला पाक सातिमानचा तंबाखू. तंबाखूतूनच जावं लागणार. म्बाह तिर्तोंनी विचारलं, "सातिमान, तुझ्या कडेच्या ओळीतून जाऊ का?" सातिमान हसत म्हणाला, "जा की, जा की, तंबाखूचं काय एवढं." आवाज असा की सगळे जागेवर थिजले. वर्षभराचं पीक ते! हो म्हणतोय पण नको आहे. आणि नको आहे हे त्याच्या तोंडून कोण काढणार? घर खांद्यावर घेऊन पन्नास माणसं सभ्यपणे उभी! बांबू करकरताहेत, कुणीतरी कण्हतंय, आणि सातिमान हसतोय.

माझं डोकं फिरलं. खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "सातिमान! खरं सांग. तुला नको आहे ना?"

असं कुणी विचारतं का कुणाला! सातिमान लालबुंद. मग म्हणाला, "नको आहे, बू. पानं उद्या तोडायची होती." म्हणताना त्याचा चेहरा इतका हलका झाला की मलाच बरं वाटलं.

"मग आज तोडू," म्हटलं. घर वाटेवर टेकवलं. सगळे ओळीत शिरले. पन्नास माणसं, एक ओळ! चहा उकळायच्या आत पानं तोडून, जुड्या बांधून त्याच्या ओट्यावर. सातिमानने स्वतः ताटं उपटून वाट मोकळी केली.

तेवढा वेळ घर वाटेच्या मधोमध, दार उघडं, आत आम्ही दोघं. मी माठातून पाणी दिलं. गटागट प्यायला. शर्ट खांद्यावर फाटला होता, खालची कातडी सोलली होती. मान वर करून वाशांकडे बघत म्हणाला, "किती लहान आहे गं हे! मला वाटायचं केवढं मोठं आहे." मग, "ताई, त्या जागेचं—"

"आधी काम कर," म्हटलं. "जागेचं नाव काढू नकोस आज."

"बरं, ताई."

दुपारच्या नमाजाच्या आत घर वर पोहोचलं.

४ सप्टेंबर

घर उलटं ठेवलंय! वळणावर फिरवता आलं नाही म्हणे. दार दरीकडे होतं, ते आता डोंगराकडे. म्बाह तिर्तो म्हणतात उत्तर चालते, पूर्व नसली म्हणजे झालं. त्यांना चालते! दार उघडलं की समोर सातिमानच्या मेव्हण्याचा संडास. फिरवायला माणसं पुढच्या ईदलाच मिळणार.

कौलं चढवायला सार्वोनो दिवसभर वर होता. मी खालून देत होते. चुकीचं लावलं तरी बोलले नाही — एकदाच बोलले. दोनदा.

५ सप्टेंबर, सोमवार

गेला. जायच्या आधी गुडघ्यावर डोकं टेकवलं, माफी मागितली, रीतीप्रमाणे. मी हात ठेवला, रीतीप्रमाणे. माफ केलं असं मनात म्हटलं नाही. मूठभर तंबाखू आणि कोंबडीचा डबा दिला. डब्याचं झाकण घट्ट आहे, परत पाठव, एवढंच म्हटलं. बेकासीत घर घ्यायचं कुठवर आलं ते विचारलंही नाही. जागा विकून घेणारच आहे आता, विचारायचं काय त्यात?

वाडी रिकामी झाली. तुमिनी मुलांची उरलेली केळी घेऊन आली आणि माझ्या उलट्या दारात बसून रडली.

७ सप्टेंबर

छप्पर एका कोपऱ्यात गळतंय. त्यानेच लावलेला कोपरा!

९ सप्टेंबर, शुक्रवार

पाक हेंद्रो आले. खालच्या मोकळ्या जागेत बराच वेळ उभे होते, मग वर आले. मी चहा दिला, तोंड वाकडं करूनच.

"बू, मला कॉफीचं दुकान काढायचं होतं ते या घरात. जुनं लाकूड, समोर दरी. घर तुमचं आहे हे माहीत होतं, त्याचे पैसे तुम्हाला वेगळे देणार होतो. नुसती माती घेऊन मी काय करू? तुमच्या भावाला ईदच्या आधी दोनदा सांगितलं, घर हललं तर सौदा मोडला. 'कळलं, पाक,' म्हणाले. तुम्हाला बोलले नाहीत?"

ईदच्या आधी!

म्हणजे बांबूखाली खांदा घातला तेव्हा त्याला माहीत होतं. स्वतःच्या हाताने कौलं लावली तेव्हाही.

गाढव! मेला गाढव! आणि त्याला बोलू न देणारी मी कोण?

उद्या पहाटेच्या बसने बेकासीला जातेय. या शिव्या फोनवर द्यायच्या नाहीत.