बोट बरं होऊ दे, मग बघा

४ नोव्हेंबर
सोसायटीच्या कॅरम स्पर्धेची तारीख लागली. २५ जानेवारी. नाव दिलं. पहिली फेरी मजल्याप्रमाणे असते, त्यामुळे समोर पुन्हा शेजारचे मधुकाका. तीन वर्षांपूर्वी लिफ्टच्या जाळीत माझी उजवी तर्जनी चेमटली. नख नवं आलं, पण शेंडा अजून असा दुखतो की शर्टाचं बटण लावताना डोळ्यांत पाणी येतं. म्हणून काका जिंकतात. नाहीतर डोंबिवलीत मला हरवणारा माणूस नाही.
हेमा म्हणाली, बोट चेमटायच्या आधीही तू पहिल्याच फेरीत हरलेलास. त्या वर्षी पावडर भिकार होती. तिला तांत्रिक बाजू समजत नाहीत.

९ नोव्हेंबर
माजिवड्याला हाताच्या सर्जनकडे. त्यांनी शेंड्यावर नेमक्या एका जागी पेनाने टकटक केलं. मी जो शब्द उच्चारला तो हेमाने लग्नानंतर प्रथमच ऐकला. डॉक्टर म्हणाले, चिरडलेल्या नसेच्या टोकाला गाठ झालीये. गोळ्या, मलमं सगळं करून झालंय, आता गाठ काढून नसेचं टोक आत मऊ जागी सरकवू. फक्त बोट बधिर करायचं, संध्याकाळी घरी. मी विचारलं, स्ट्राइकरचा वेग किती वाढेल? म्हणाले, दुखणं बहुतेक जाईल, वेगाचं मला सांगता येणार नाही. भिडस्त माणूस.

१८ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. सगळं उघड्या डोळ्यांनी पाहायचं ठरवलेलं. सुईपर्यंत पाहिलं. मग थोडी विश्रांती घेतली. नर्स तिला चक्कर म्हणत होती.

२ डिसेंबर
टाके निघाले. कातडीला सवय व्हावी म्हणून बोट रोज कापसावर फिरवायचं, मग तांदळात घोळवायचं.
संकल्प: तांदूळ दोन वेळा. पहाटे उठून मनातल्या मनात सराव. गोड बंद.
संध्याकाळी: गोड उद्यापासून बंद. श्रियाने शिरा केलेला. मुलीचं मन मोडवत नाही.

२९ डिसेंबर
शर्टाचं बटण लावलं. काही झालं नाही. काढून पुन्हा लावलं. हेमाला बोलावून दाखवलं, तर तिचेच डोळे भरले. म्हणाली, झोपेत कण्हायचास रे. मला खरंच फार बरं वाटलं.
लगेच महागातला स्ट्राइकर मागवला. जिंकल्यावर ठाकुर्लीत मुलांसाठी फुकट कॅरम क्लास काढणार.

१२ जानेवारी
सराव अजून नाही. हात ताजा ठेवतोय. विजेत्याचं भाषण मात्र तयार. त्यात मधुकाकांचा उल्लेख दोनदा, आदराने.

२५ जानेवारी
काकांचं वय अठ्ठ्याहत्तर, हात थरथरतो. माझा पहिला शॉट, स्ट्राइकरच पॉकेटमध्ये. पुढे राणी घेतली, कव्हर हुकलं. मग काकांनी माझ्यादेखत बोर्ड साफ केला, आणि पुढचेही. पंचवीस-शून्य.
दरवर्षी जिंकल्यावर काका माइकवर सांगतात, आनंदचं बोट धड असतं तर माझं काही खरं नव्हतं. आज माइक हातात घेऊन त्यांनी आधी माझ्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, आनंदचं बोट अगदी छान झालंय हो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला गेलो नाही. सकाळपासून टेबलाच्या कडेवर बोट दाबून पाहतोय. गार पाण्यातही धरून पाहिलं. कुठेच दुखत नाही.