बाकावरचा आठवा

१९ नोव्हेंबर १९७३, सोमवार

कबड्डीत माणसं खेळतात सात, आणि आमच्या साखर कारखान्यानं खेळाडू म्हणून कामावर घेतलीत आठ! हा आठवा कशासाठी? हे शोधायचं काम माझ्याकडे आलं आहे.

ऑगस्टपासून कल्याण विभागात नुसते रजेचे अर्ज टाइप करत होते. आज लालासाहेबांनी – आमचे कल्याण अधिकारी – बोलावून घेतलं. म्हणाले, ‘‘दुष्काळानं ऊस कमी, संचालक मंडळाला जागा कमी करायच्यात. खेळाडूंतला एक गेला तर चालेल. कुठला, ते तुम्ही कागदावर दाखवा. तुम्ही बी.ए. आहात.’’ तीन वर्षांच्या सामन्यांच्या वह्या टेबलावर आपटल्या. धूळ उडाली.

कुणाचं तोंड बघून लिहायचं नाही असं ठरवलं आहे. वहीत असेल तेच लिहायचं. न्याय म्हणजे तोच, नाही का?

२१ नोव्हेंबर

सगळ्या वह्या वाचल्या. उत्तर अगदी सोपं निघालं. धनाजी नावाचा राखीव खेळाडू. एकसष्ट सामन्यांच्या यादीत नाव. प्रत्यक्ष खेळला पाच. चढाया अकरा, यशस्वी दोन. कामाला बॉयलर हाऊसमध्ये, राहायला कारखान्याच्याच खोलीत.

लिहून दिलं : ‘सदर खेळाडूचा संघास प्रत्यक्ष उपयोग दिसून येत नाही.’ खाली माझी सही. लालासाहेब खूश – ‘‘ही खरी बी.ए.ची भाषा!’’

कुंडलला पोचेपर्यंत एस.टी.त मान ताठ होती. घरी सांगितलं. आबा म्हणाले, ‘‘लेक आता सायेब झाली.’’ आई दिवसभर लोकांच्या रानात उसाची लागण करून आलेली, हातापायांना चिखल. तिनं एवढंच विचारलं, ‘‘त्येला बघिटलंस का तू?’’

‘‘नाही.’’

‘‘मग कसं गं लिवलंस?’’

मी वह्यांचं सांगितलं. ती पाय धूत म्हणाली, ‘‘लागणीला बांधाकडंनं चार कांड्या जास्ती लावून ठेवत्यात. कुटं कोंब मेला तर नांग्या भरायला. तुज्या वहीत त्येबी बिनकामाच्याच म्हनायच्या व्हय?’’

आईचं बोलणं हे असं. पण झोप लागेनाशी झाली आहे.

२६ नोव्हेंबर

आज स्वतः सराव बघायला गेले. पहिल्या पाळीनंतर, बगॅसच्या – उसाच्या चिपाडाच्या – ढिगामागच्या मैदानात.

धनाजी कोण ते ओळखूच आलं नाही. मैदानात एकच माणूस सारख्या चढाया करत होता. वाकलेला, संथ, जमिनीवर काही पडलंय ते शोधल्यासारखा. डावा हात पाठीमागे. आणि मध्येच उलटी लाथ – सापासारखी! आमचे पकड करणारे दहादा चुकले, अकराव्यांदा त्याचा घोटा धरला. धुरळ्यातनं तो हसत उठला – ‘‘आत्ता कसं! यल्लाप्पा मेला!’’

मी हंबीररावाला विचारलं, हा नवा खेळाडू कोण? हंबीरराव आमचा मोठा चढाईवाला, सगळा जिल्हा त्याला ओळखतो. तो म्हणाला, ‘‘नवा कुठला मॅडम? धनाजीअण्णा न्हवं का. या रविवारी सांगलीच्या कृष्णाकाठ संघाशी सामना हाय. त्येंचा यल्लाप्पा लय वंगाळ. म्हनून हप्ताभर अण्णा यल्लाप्पा झाल्यात.’’

‘‘झालेत म्हणजे?’’

‘‘झाल्यात म्हंजे झाल्यात!’’

२ डिसेंबर, रविवार

सामना जिंकलो. यल्लाप्पाला सहा वेळा धरला, सहाही वेळा घोट्याला. धनाजीअण्णा बाकावर. अंगात संघाचा बनियन, त्यावर धुळीचा एक ठिपका नाही. वहीत त्यांच्या नावापुढे काय लिहिलं गेलं असेल? शून्य. शून्य.

माझं अक्षर चांगलं म्हणून आता गुणलेखनाचं काम मलाच दिलं आहे. म्हणजे ती शून्यं आज मीच लिहिली.

५ डिसेंबर

त्यांच्याशी बोलले. मी लिहिलेल्या कागदाचं त्यांना अजून ठाऊक नाही. मला सांगवेना.

विचारलं – वर्षानुवर्षं खेळायला मिळत नाही, वाईट नाही वाटत?

‘‘आवं बाई, खेळत न्हाई कोन म्हनलं? मी रोज खेळतोय. सामन्यात तेवढा खेळत न्हाई.’’

मग कितीतरी सांगितलं. सुट्टीच्या दिवशी ते एस.टी.नं जातात – पाटण, विटा, मिरज, कुठंही सामने असले की. गर्दीत रेषेलगत उभं राहायचं. खेळाडूचं तोंड बघायचं नाही, कंबर बघायची. ‘‘तोंड लबाड असतंय. कंबर खोटं बोलत न्हाई.’’ घरी येईपर्यंत तो माणूस अंगात.

सरावाच्या शेवटी त्यांनी आज हंबीररावाला रेषेपलीकडे उभं केलं आणि म्हणाले, ‘‘बघ, आता तू येतोयस.’’ आणि हंबीरराव झाले! छाती काढून येणं, मांडीवर थाप, सगळं. खरा हंबीरराव लाजून लाल. मग अण्णांनी तीच चढाई सावकाश करून दाखवली. ‘‘उजवीकडं जायच्या आदी डावा खांदा पाडतोस. अजून कुनाला दिसलं न्हाई. ज्येला दिसंल त्यो तुला जित्ता सोडायचा न्हाई.’’

मी विचारलं, मग तुमचा स्वतःचा खेळ कोणता?

हसले. पायानं माती सारखी करत राहिले. ‘‘ल्हानपनी हुता कायतरी.’’

तो खेळ बघायची जितकी उत्सुकता वाटली, तितकी मला परीक्षेच्या निकालाचीही नव्हती!

९ डिसेंबर

त्यांच्या खोलीवर गेले होते. बायको सुलाबाई, दोन मुली इथल्याच शाळेत. मी कल्याण विभागातली म्हटल्यावर सुलाबाईंनी चहात साखर मुठीनं घातली.

म्हणाल्या, ‘‘काय सांगू बाई, भाकरी खाताना बी यल्लाप्पागत वाकून बसत्यात. गेल्या हप्त्यात मिरजेचा कोन डावखुरा हुता, तर डाव्या हातानं जेवले! म्या म्हनलं, समद्या मुलखागत चालताय, एक डाव माज्या नवऱ्यागत बी चाला की!’’

अण्णा एवढे हसले की ठसका लागला. मग मी सांगून टाकलं. कागदाचं, सहीचं. नोकरी गेली तर खोली जाते, मुलींची शाळा जाते, हे त्या चहाच्या कपाइतकं समोर होतं.

सुलाबाई म्हणाल्या, ‘‘तुमी लिवलं?’’

अण्णा म्हणाले, ‘‘वहीत हाय त्येच लिवलं असंल. चा घ्या, निवतोय.’’

११ डिसेंबर

दुसरा कागद लिहिला. पाच पानं. लालासाहेबांनी वाचलासुद्धा, पण म्हणाले, ‘‘पहिला वर गेला. मंडळानं वाचला, त्यांना आवडला. आता हेच सांगायचं तर त्यांना दिसलं पाहिजे. तुम्हीच लिहिलंय ना – दिसून येत नाही?’’

मग दाखवू या! मीच म्हणाले. सव्वीस जानेवारीला मैदानात प्रदर्शनी सामना असतो, सगळे संचालक येतात. त्या दिवशी धनाजीअण्णांना पहिल्यापासून खेळवा. डोळ्यांनी बघू दे.

लालासाहेबांनी कबूल केलं! माणसाला एक संधी – पूर्ण, सरळ, सगळ्यांसमोर – एवढी मिळाली की अन्याय उरत नाही. आज मन हलकं आहे.

१२ डिसेंबर

अण्णांना सांगितलं. मला वाटलं होतं आनंद होईल. ते म्हणाले, ‘‘बाई, कशाला वो?’’

२० जानेवारी १९७४

सराव चालू आहे, पण अण्णा सरावाला येऊन बाकावर बसतात. सरावातही! हंबीररावानं ओढलं तरी उठत नाहीत. म्हणतात, ‘‘गाववाल्यांशी सामना हाय. त्येंच्यात बघून घ्यावं असा हाय कोन?’’

२६ जानेवारी

लिहिते आहे, कारण दुसरं काही करता येत नाही.

झेंडावंदन झालं, खुर्च्या मांडल्या, संचालक फेटे सावरत बसले. समोर गावातला साधा संघ. मी गुणलेखनाच्या टेबलावर, हातात नवी पेन्सिल.

अण्णांची पहिली चढाई. मधल्या रेषेपाशी गेले आणि वळून हंबीररावाला म्हणाले – मला स्पष्ट ऐकू आलं – ‘‘कुनाचा खेळू?’’

‘‘आवं तुमचा खेळा की अण्णा!’’

उभेच राहिले. पंचांनी शिट्टी वाजवली. मग कंबरेत वाकले, डावा हात पाठीमागे. गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, ‘‘आयला, यल्लाप्पा!’’ हशा पिकला. हात लावून परत आले, एक गुण मिळाला, पण तो कुणी पाहिलाच नाही. दुसऱ्या चढाईला तो मिरजेचा डावखुरा. ‘‘आता हंबीरराव करा! हंबीरराव!’’ – लोक तमाशाला आल्यासारखे मागण्या करू लागले. शिट्ट्या. अण्णांनी ऐकलं नाही. तिसऱ्या चढाईला ते कुणाचेच नव्हते. चालत गेले, नुसते. मध्यावर थांबले. दम तुटला. एका कोवळ्या पोरानं कमरेला मिठी मारून सहज खाली घातलं.

खुर्चीतले एक संचालक मोठ्यानं म्हणाले, ‘‘लालासाहेब, आपण सोंगाड्या पोसलाय व्हय?’’ बाकीचे पोट धरून हसले.

मी पुढं ओढलं त्यांना. मी! त्यांचं काम दिसतच नसतं, ते दुसऱ्याच्या पकडीत असतं, दुसऱ्याच्या खांद्यात असतं, हे पाच पानं लिहून मलाच कळलं नव्हतं.

४ फेब्रुवारी

हुकूम निघाला. जोडलेला कागद माझा. पहिला.

६ फेब्रुवारी

अण्णा खोली रिकामी करत होते, तेव्हा गेले. सुलाबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, ते बरोबरच. हंबीरराव ट्रंक उचलत होता आणि रडत होता, एवढा दांडगा माणूस. अण्णा त्याला म्हणाले, ‘‘खांदा!’’ तेवढंच.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर मलाच म्हणाले, ‘‘बाई, तुमी खोटं लिवलं न्हाई.’’

यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर!

१८ फेब्रुवारी

बातमी. अण्णांना सांगलीच्या कृष्णाकाठ संघानं घेतलं. तो संघ एका हळदीच्या व्यापाऱ्यानं पोसलेला. खेळाडूंना त्याच्याच पेढीवर काम. अण्णा हळदीची पोती मोजून घेतात म्हणे. बिऱ्हाडही तिथंच हललं.

मला इतका आनंद झाला! तो अर्धा दिवस टिकला. दुपारी हंबीरराव आला. तोंड उतरलेलं.

‘‘मॅडम, एकतीस मार्चला त्येंच्याशीच सामना हाय. सांगलीला.’’

‘‘मग?’’

‘‘माझी समदी चाल अण्णांच्यात हाय.’’

२ मार्च

लालासाहेब ऑफिसात ओरडत होते – ‘‘फितूर! आपलं मीठ खाऊन!’’ मी पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले : मीठ आपणच बंद केलं, साहेब. त्यांनी पोट भरायचं नाही का? व्यापाऱ्यानं त्यांना काय बघून घेतलं असेल? चढाया बघून? पोट भरायला त्यांच्याकडे विकण्यासारखं एकच आहे, आणि ते आपलंच आहे.

बोलून झाल्यावर कळलं, ‘आपण’ म्हणजे मी.

१७ मार्च

हंबीरराव खांदा सांभाळायला बघतो आहे. जमत नाही. ‘‘खांदा ध्यानात ठेवला की पाय इसरतोय मॅडम.’’ सरावात आता समोरचा कुणी होत नाही. आपले आपल्यांशीच खेळतात, आणि सगळे फार चांगले खेळतात, त्यामुळे काहीच कळत नाही.

२९ मार्च

आईला विचारलं, त्यांनी हंबीररावाला धरायला शिकवलं असेल तर ते चूक का? आई म्हणाली, ‘‘त्येच्या दोन पोरी हायत्या. चूक कसली?’’

मलाही तसंच वाटतं. आणि तरी परवा सांगलीला त्या टेबलावर बसायची भीती वाटते.

३१ मार्च, सांगली

जिंकलो. हंबीररावाच्या चौदा चढाया. डावा खांदा दर वेळी पडत होता, मला टेबलावरून दिसत होता – आणि त्यांच्यातल्या एकालाही दिसला नाही. सबंध सामन्यात एकदाच धरला. धनाजीअण्णा समोरच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून.

गुणपत्रकावर सही करायला त्यांचा कप्तान यल्लाप्पा आला. घामानं निथळत होता, चिडला होता. म्हणाला, ‘‘बाई, ह्यो धनाजी तुमच्याकडं काय करत हुता वो? आमचा मालक इचारतोय, ठिवू का घालवू. दीड म्हैना झाला, रोज सांगतोय, हंबीरराव करून दाखीव. बाकी समद्या जिल्ह्याचं करतोय. माझं सुदीक केलं, माझ्याच म्होरं. हंबीरराव तेवढा जमत न्हाई म्हनतोय!’’